ग्लॉक्सिनियाच्या कळ्या का करपल्या, आणि पिवळ्या पडलेल्या झाडाचं आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टच्या शेवटी पुण्यातल्या नर्सरीतून पांढऱ्या कडेचा जांभळा ग्लॉक्सिनिया आणला. तेव्हा चार फुलं उघडलेली होती, दहा-बारा कळ्या होत्या. कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली, रोज सकाळी थोडं पाणी घातलं, पानांवर फवारा मारला. आठ-दहा दिवसांत फुलं गेली, लहान कळ्या तपकिरी होऊन गळल्या. आता सप्टेंबर संपत आला आहे आणि खालची पानं पिवळी पडू लागली आहेत. झाड मेलं का? याला कंद असतो म्हणतात, तो जपायचा कसा?

कुंडी टाकू नका. आधी कंद कसा आहे ते बघा. बुंध्याशी वरची माती चमच्याच्या दांड्याने हळूच बाजूला सारा. अर्ध्या-एक सेंटिमीटरवर तपकिरी, चपटा गोल कंद दिसेल. नर्सरीतलं झाड बहुधा बियांपासून केलेलं आणि पहिल्याच वर्षाचं असतं, त्यामुळे कंद सुपारीएवढा किंवा फार तर लहान लिंबाएवढा निघेल. अंगठ्याने दाबा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर झाड जिवंत आहे, मग वर एकही पान उरलं नसलं तरी हरकत नाही. बोट आत रुतलं, तपकिरी पाणी आलं किंवा आंबूस वास आला तर कुज लागली आहे. तेव्हाही कंद बाहेर काढून धुवा आणि धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने सडका भाग कापत जा. आतला गर एकसारखा फिकट दिसेपर्यंत कापायचं. तपकिरी ठिपका शिल्लक ठेवला तर कुज तिथूनच पुन्हा पसरते. कापलेल्या जागेवर कोळशाची बारीक पूड चोळा, कंद दोन-तीन दिवस सावलीत उघडा ठेवा आणि मग ओलसर नसलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवा. वरचा डोळ्यांचा (कोंब फुटतात तो) भाग शाबूत असेल तर असा अर्धा कंदही फुटतो.

आता असं का झालं ते बघू. एका वाक्यात सांगायचं तर या झाडाला आपण वर्षभर हिरवं राहणाऱ्या शोभेच्या झाडासारखं वागवतो, आणि ते तसं नाही.

ग्लॉक्सिनिया मूळचा ब्राझीलचा, रिओ द जानेरोच्या आसपासच्या डोंगराळ जंगलातला. तिथे तो खडकांच्या कपारीत, शेवाळ आणि पालापाचोळ्याच्या पातळ थरात वाढतो. कंद अर्धा उघडाच असतो. पाऊस आला की फुटतो आणि फुलतो, कोरडे दिवस आले की पानं सोडून कंदावर बसून राहतो. याची मुळं वरवर का पसरतात, मोठ्या खोल कुंडीत तो का कुजतो आणि फुलांनंतर पिवळा का पडतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कपारीत आहेत. याचं शास्त्रीय नाव सिनिंजिया स्पेसिओसा. बॉन विद्यापीठाच्या बागेतले माळी विल्हेल्म सिनिंग यांच्यावरून ते पडलं. १८१७ मध्ये झाडाचं वर्णन झालं ते ग्लॉक्सिनिया म्हणून, पुढे प्रजाती बदलली, पण बाजारात जुनंच नाव चिकटून राहिलं. ग्लॉक्सिनिया या नावाची वेगळी, खरीखुरी प्रजातीही आहे. तिला कंद नसतो, खवल्याखवल्यांचं आडवं खोड असतं. म्हणून माहिती शोधताना 'सिनिंजिया' या नावाने शोधा, नाहीतर भलत्याच झाडाची निगा वाचली जाते.

जंगली झाडाची फुलं खाली झुकलेली, चपलेच्या टोकासारखी असतात. १८४५ मध्ये स्कॉटलंडमधले माळी जॉन फाइफ यांच्याकडे रोपांमध्ये वर तोंड करून उमलणारं, सारख्या पाकळ्यांचं फूल निघालं. आज नर्सरीत दिसणारे बहुतेक ग्लॉक्सिनिया त्या वळणाचे आहेत. तुमच्या अडचणीशी याचा थेट संबंध आहे. वर तोंड केलेलं फूल म्हणजे वाटी. फवारा मारला की पाणी फुलाच्या तळाशी, पुंकेसरांभोवती साचतं, एका रात्रीत तिथे करडी बुरशी धरते, आणि ती फुलावरून खालच्या कळ्यांवर उतरते. दमट हवा असलेल्या पुण्याच्या ऑगस्टमध्ये फवाऱ्याची गरजच नव्हती.

कळ्या नक्की कशाने गेल्या हे कसं ओळखायचं

गळलेली एखादी कळी अजून मातीवर पडली असेल तर नखाने उभी चिरून बघा. आतून कोरडी, कागदासारखी आणि करड्या बुरशीचा मागमूस नसलेली असेल तर कारण उजेड, हवा किंवा पाण्यात आहे. मऊ, ओली, वर राखाडी लव असेल तर ती बुरशी. कळी वाकडीतिकडी, कडेला चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे. पुढच्या वेळी झाडाला फूल असेल तेव्हा पांढरा कागद खाली धरून फुलावर हळूच फुंकर मारा. पिवळसर, दीड-दोन मिलिमीटरचे काडीसारखे किडे कागदावर पळताना दिसतील. पाकळ्यांवर पराग सांडलेला दिसणं ही त्यांचीच खूण, कारण ते किडे परागकोशात शिरून ते उसकटतात.

तुमच्या बाबतीत वर्णनावरून मुख्य कारण उजेड वाटतं. नर्सरीच्या शेडनेटमधून झाड टीव्हीशेजारी आलं. खिडकीपासून आठ-दहा फुटांवर खिडकीपाशी असणाऱ्या उजेडाचा दहावा हिस्साही पोचत नाही. आपले डोळे त्याला सरावतात म्हणून खोली उजळ वाटते, झाडाला ते कळतं. उघडलेली आणि मोठी झालेली फुलं आधीच्या साठ्यावर उमलून जातात. वाटाण्यापेक्षा लहान कळ्यांसाठी साठा उरत नाही, आणि झाड त्यांना सोडून देतं. त्यात पंख्याचा सतत वारा असेल तर कळ्या अजून लवकर वाळतात.

मोबाइलवर उजेड मोजायचं साधं अ‍ॅप असतं. ते फार अचूक नसलं तरी जागांची तुलना करायला पुरतं. पानाच्या उंचीवर दिवसातले बरेच तास ८ ते १० हजार लक्स मिळाले पाहिजेत. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. दक्षिण किंवा पश्चिमेची असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. थेट दुपारचं ऊन नको, त्याने मखमली पानांवर तपकिरी डाग पडतात. खिडकीची सोय नसेल तर २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन ट्यूब पानांपासून २५-३० सेंटिमीटरवर रोज १४ तास लावल्या तरी भरगच्च फुलं येतात, आणि माझ्या मते फ्लॅटमध्ये हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

झाड स्वतःही सांगतं. देठ लांबत चालले, पानं हात वर केल्यासारखी उभी राहिली, खोड झुकू लागलं तर उजेड कमी. पानं कुंडीच्या कडेला चिकटून खाली वळली, रंग फिका हिरवा झाला तर उजेड जास्त. पानं आडवी पसरलेली आणि देठ आखूड असतील तर जागा बरोबर आहे. दर चार दिवसांनी कुंडी पाव वळण फिरवत जा.

पाणी

रोज थोडं थोडं पाणी ही ग्लॉक्सिनिया मरण्याची सगळ्यात नेहमीची रीत आहे. वरचा दोन सेंटिमीटरचा थर, म्हणजे कंदाची मान, कायम ओली राहते आणि तळाची मुळं कोरडी. पाणी द्यायचं ते एकदा भरपूर, आणि मग वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत थांबायचं. कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी दिल्या दिवशीचं वजन हाताला माहीत झालं की बोट घालायचीही गरज उरत नाही. चार इंची प्लॅस्टिक कुंडीत वाढीच्या काळात हे पावसाळ्यात साधारण पाच-सहा दिवसांनी येतं, मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांनी.

द्यायचं खालून. कुंडी पाण्याने भरलेल्या बशीत २० ते ३० मिनिटं ठेवा, वरची माती गडद झाली की उचला, उरलेलं ओतून द्या. बशीत पाणी तसंच साठवून ठेवू नका. महिन्यातून एकदा मात्र वरून, मानेला पाणी लागू न देता कडेकडेने भरपूर पाणी ओतून निथळू द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. बोअरचं पाणी जड असेल तर हे पंधरा दिवसांनी करा. जड पाण्याने नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होतो. माती अल्कधर्मी झाल्याने लोह मिळत नाही, हे त्याचं कारण. चिलेटेड लोह (झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह) अर्धा ग्रॅम लिटरला एकदा दिलं तर सुधारतं, पण खरा उपाय पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी.

पाणी खोलीइतकं कोमट हवं. गरम दुपारी माठातलं किंवा फ्रिजमधलं गार पाणी पानावर पडलं की दोन-तीन दिवसांत फिकट पिवळी वलयं उमटतात आणि ती कधीच जात नाहीत. लोक त्याला रोग समजून औषधं मारत बसतात.

आर्द्रता हवी, ५० ते ७० टक्के. पण ती पानावर पाणी मारून मिळवायची नाही. रुंद ताटात खडी पसरा, खडीचा वरचा थर कोरडा राहील इतकंच पाणी ठेवा, त्यावर कुंडी. चार झाडं जवळजवळ ठेवली तरी फरक पडतो. झाड एसीच्या झोतात आणि पंख्याच्या थेट खाली नको.

पिवळी पानं आणि विश्रांती

खालची पानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळी पडताहेत, कंद टणक आहे आणि मान सुकी आहे, तर झाड विश्रांतीला निघालं आहे. अशा वेळी घाबरून खत आणि पाणी वाढवलं जातं, आणि कंद नेमका तिथे कुजतो.

आता खत पूर्ण बंद. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर चार ते सहा आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. पानं हिरवी असताना कापू नका. त्यातलं अन्न कंदात उतरतंय, आणि तुमचा लहान कंद पुढच्या वर्षी किती फुलणार हे याच आठवड्यांत ठरतं. पान वाळून हलक्या ओढीने हातात आलं की काढा. खोड शेवटी आपोआप सुटतं आणि कंदाच्या मध्यावर बशीसारखा खळगा उरतो.

मोठा, पाच सेंटिमीटरचा कंद मातीबाहेर काढून कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवता येतो. लहान कंदाच्या बाबतीत ते करू नका. सुपारीएवढा कंद कोरड्या हिवाळी हवेत दोन महिन्यांत सुरकुतून मरतो. त्याला त्याच कुंडीत राहू द्या. कुंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा पलंगाखाली, १५ ते २० अंशांच्या आसपास, सावलीत ठेवा. कोवळ्या उन्हाचीसुद्धा गरज नाही. तीन आठवड्यांनी एकदा दोन-तीन चमचे पाणी कुंडीच्या कडेने द्या, इतकंच की माती धूळ होऊ नये. महिन्यातून एकदा दाबून बघा. थोडा लवचीक, सुरकुतलेला वाटला तर चमचाभर पाणी जास्त द्या. मऊ लागला तर लगेच काढून वर सांगितल्याप्रमाणे कापा.

विश्रांती दोन ते चार महिन्यांची. काही झाडं ती घेतच नाहीत: वरची पानं पिवळी पडत असतानाच बुडातून मखमली, चांदीसारख्या लवेचा नवा कोंब निघतो. तो निघाला तर झोपवायचा हट्ट धरू नका. जुनं खोड कोंबाच्या वर कापा आणि उजेडात ठेवा.

याच स्वभावाचा एक फायदा करून घेता येतो. जूनच्या आधी फुलून गेलेलं जोमदार झाड असेल तर फुलं संपताच खोड खालच्या एका पानांच्या जोडीपर्यंत कापायचं. त्या जोडीच्या बगलेतून नवे कोंब येतात आणि अडीच-तीन महिन्यांत दुसरा बहर मिळतो. तुमच्या झाडावर मात्र आता हे करू नका. ते अशक्त आहे, दिवस लहान होत चाललेत.

पुन्हा लावणी

कंद उठला की त्याच्या खळग्यात गुलाबीसर, गव्हाच्या दाण्याएवढा डोळा दिसतो. तोच लावणीचा मुहूर्त. पुणे-नाशिककडे हे बहुतेकदा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत होतं. मुंबई आणि कोकणात थोडं आधी. पुण्यात मार्चमध्ये लावलेलं झाड जूनच्या तोंडाशी फुलतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळा सोसताना खडीचं ताट आणि उत्तर किंवा पूर्वेची खिडकी या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात झाड जगवणं फार कठीण. तिथे कंद घरातल्या सर्वांत थंड जागी सावकाश ठेवून पहिल्या पावसाबरोबर, जूनमध्ये लावणं शहाणपणाचं. दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १८च्या खाली नाही, ही याची आवडती हवा. ३५च्या वर कळ्या तग धरत नाहीत.

मिश्रण हलकं हवं. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेली पानमाती, एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिजाचे दाणे), आणि चार इंची कुंडीमागे मूठभर गांडूळखत. कोकोपीट विटेचं असेल तर भिजवून पिळून तीन पाण्यांतून काढा, त्यातल्या मिठाने कोवळी मुळं जळतात. लाल माती किंवा काळी माती अजिबात घालू नका. शेणखत पूर्ण कुजलेलं नसेल तर तेही नको. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा.

कुंडी कंदापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठी, बस. लहान कंदाला चार इंची, लिंबाएवढ्याला पाच-सहा इंची. उंच कुंडीपेक्षा बसकी बरी. मातीची कुंडी घ्यायची तर एक सांभाळा: तिच्या कडेवर क्षारांचा पांढरा थर जमतो आणि त्यावर टेकलेला पानाचा देठ नेमका तिथेच काळा पडून मोडतो. कडेला मेणबत्ती घासून घेतली की ते थांबतं. प्लॅस्टिकच्या कुंडीत हा प्रश्नच नाही.

कंद लावताना उलटा होतो, हे फार घरांत घडतं. गोल, फुगीर बाजू खाली, खळग्याची बाजू वर. जुन्या मुळांचे केसासारखे तंतू खालच्या आणि कडेच्या बाजूला असतात. कंदाचा माथा मातीच्या पातळीला यावा, वर फार तर अर्धा सेंटिमीटर मिश्रण. थंड देशातल्या सूचना वाचून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावला तर आपल्या दमट हवेत खळग्यात पाणी धरतं. पहिलं पाणी कडेने, बेताचं. कोंब दोन सेंटिमीटर होईपर्यंत ओलावा फक्त जाणवेल इतकाच. पानं नाहीत म्हणजे पाणी पिणारं कोणी नाही. कोंब यायला दोन ते चार आठवडे लागतात.

एका कंदावर तीन-चार कोंब आले तर सर्वांत जाड एक ठेवा, कंद मोठा असेल तर दोन. बाकीचे तीन सेंटिमीटरचे झाले की कंदाची कपची बरोबर घेऊन काढा. ओल्या पर्लाइटमध्ये, प्लॅस्टिकच्या डब्याखाली ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. काढायला जीव होत नाही म्हणून सगळे ठेवले तर झाड झुडूप होतं, पानं एकमेकांवर चढतात, फुलं लहान राहतात.

ग्लॉक्सिनियाचा कंद बटाट्यासारखा डोळे घेऊन कापता येतो का, हेही विचारलं जातं. त्याचे सगळे डोळे माथ्यावर एका जागी असतात आणि त्याला बाजूला पिल्लं येत नाहीत, तोच वर्षागणिक रुंद होत जातो. कापून वाढवता येतो, पण कुजण्याचा धोका मोठा आहे. पानाचा सोपा मार्ग असताना ते करू नये.

खत चार पानांनंतर सुरू करा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पाण्यात विरघळणारं, अर्धा ग्रॅम एक लिटरला, दर दहा दिवसांनी, ओल्या मातीवर. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या की स्फुरद जास्त असलेलं १३:४०:१३ त्याच मात्रेत तीन वेळा. पाकिटावर छापलेली मात्रा शेतातल्या पिकासाठी असते. ती इथे दिली तर पानांच्या कडा करपतात आणि पानं घट्ट, गडद, वाकलेली होतात. नत्र जास्त झालं तर पान भाकरीएवढं होतं आणि फूल येत नाही. लावणीपासून फुलापर्यंत साधारण तीन महिने धरा. एक फूल आठवडाभर टिकतं, एकूण बहर दीड-दोन महिने. गेलेलं फूल देठासकट रोज काढा, ते पानावर पडून राहिलं की त्या जागी पान कुजतं.

रोग आणि किडी

झाड पाण्याने ओलं असतानाच मान टाकतं आणि बुंधा काळा दिसतो, तेव्हा ती मानकूज. इथे नेहमी वापरलं जाणारं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक उपयोगाचं नाही, कारण ज्या पिथियम आणि फायटोफ्थोरा जातीच्या बुरशीसारख्या जंतूंमुळे हे होतं त्यांच्यावर ते चालतच नाही. मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र औषध दोन ग्रॅम लिटरला घेऊन मातीत ओता, तेही सुरुवातीलाच. कार्बेन्डाझिम एक ग्रॅम लिटरला हे लावणीआधी कंद १५ मिनिटं बुडवून सावलीत सुकवायला ठीक आहे. दोन्ही वेळा हातमोजे घाला.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे लावा, आणि दिसलेच तर फुलं आणि कळ्या सगळ्या तोडून पिशवीत बांधून टाका, मग स्पिनोसॅड हे कीटकनाशक ०.३ मिली लिटरला, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. इथे कंजुषी नको, कारण ते इम्पेशन्स नेक्रोटिक स्पॉट जातीचे विषाणू पसरवतात आणि ग्लॉक्सिनिया त्यांना फार लवकर बळी पडतो. पानावर तपकिरी-काळी वलयं, मधली शीर काळी पडत जाणं, मग वाढीचा शेंडाच कोसळणं अशी लक्षणं दिसली तर उपाय नाही. कंदासकट फेका, शेजारच्या झाडांवर नजर ठेवा.

शेंड्याची कोवळी पानं आखडून, कडक, दाट लवेची आणि करडी झाली, कळ्या उघडेनाशा झाल्या तर ती डोळ्याला न दिसणारी, सूक्ष्म कोळी कीड आहे. फवारत बसण्यापेक्षा वरचं सगळं झाड कापून जाळा, कंद धुऊन नव्या मिश्रणात लावा. कंद नवं खोड देतो, ही या झाडाची मोठी सोय. कडुनिंबाचं तेल मखमली पानावर डाग पाडतं, वापरायचंच तर पानाच्या खालून, संध्याकाळी, आधी एका पानावर करून बघून. चकाकीचे स्प्रे तर चुकूनही नकोत. पानावर धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशने देठाकडून टोकाकडे झाडा.

घरात मांजर-कुत्रं असेल तर काळजी नको, हे झाड त्यांना विषारी नाही.

आत्ताच एक पान लावून ठेवा

तुमचा कंद लहान आहे, तो हिवाळा काढेलच असं नाही. म्हणून झाडावर अजून हिरवं, ताठ असलेलं मधल्या फळीतलं एक पान आजच घ्या. सगळ्यात जुनं नको, शेंड्याचं नको. देठ तीन सेंटिमीटर ठेवून ब्लेडने तिरका काप द्या. अर्धा तास सुकू द्या. ओल्या, पिळलेल्या कोकोपीट-पर्लाइटमध्ये (निम्मं-निम्मं) देठ दीड सेंटिमीटर, तिरका खोचा. पान मोठं असेल तर वरचा एक तृतीयांश भाग कापून टाका. मिठाईच्या पारदर्शक डब्यात ठेवून झाकण लावा, उजेडात पण उन्हात नाही. झाकणाला थेंब दाटले तर दहा मिनिटं उघडा.

ऑक्टोबरची ऊब आहे तोवर तीन-चार आठवड्यांत मुळं येतील, आणि आठ आठवड्यांच्या आसपास देठाच्या टोकाशी वाटाण्याएवढा कंद धरेल. दुहेरी पाकळ्यांच्या जातीचं झाडही याच रीतीने हुबेहूब मिळतं. बियांतून ते मिळेलच असं नाही, शिवाय बी धुळीसारखं बारीक असतं, त्याला झाकायचं नसतं, आणि फुलायला सहा महिने लागतात.

डिसेंबरच्या थंडीत ते पान बहुधा पिवळं पडून वाळेल आणि डब्यात फक्त माती उरलेली दिसेल. तेव्हा तो डबा रिकामा करू नका. माती बोटाने उकरून बघा: देठ जिथे होता तिथे टणक, फिकट तपकिरी गोळी लागली तर तेच तुमचं पुढचं रोपटं आहे. ती तशीच राहू द्या, तीन आठवड्यांनी दोन चमचे पाणी, आणि फेब्रुवारीत डबा खिडकीत आणा.